‘म्हणे’, ‘आपलं’, ‘बरं का’: व्यर्थ ठरवलेल्या शब्दांचं काम

मी मुलाखतींचं शब्दांकन करते. कोणाचं तरी बोलणं कानाला लावून ऐकायचं, टाईप करायचं आणि मग ते वाचण्याजोगं करायचं. या कामात पहिली कात्री लागते ती ‘म्हणजे’, ‘आपलं’, ‘बरं का’, ‘काय आहे ना’, ‘अं’, ‘हे’ यांना. कितीतरी वर्षं मी ती बिनदिक्कत चालवली.

मग पानशेतच्या पुराच्या आठवणींचं एक काम आलं. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. तेव्हा नारायण पेठेत राहणाऱ्या, आता पंच्याहत्तरीच्या एका आजींचं बोलणं मी उतरवत होते. त्या बोलल्या होत्या ते असं: “बाहेर गडबड झाली. धरण फुटलं म्हणे. वडील आपले दाढी करत होते.” मी नेहमीच्या सवयीने लिहिलं: “बाहेर गडबड झाली. धरण फुटलं. वडील दाढी करत होते.”

मजकूर त्यांना वाचून दाखवला. या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं. “अगं, मी असं नाही बोलले. धरण फुटलंय हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? आणि वडिलांना काय काळीज नव्हतं का, धरण फुटल्यावर दाढी करत बसायला?”

मी फक्त दोन शब्द काढले होते, ‘म्हणे’ आणि ‘आपले’. तेवढ्याने अकरा वर्षांच्या मुलीच्या कानावर आलेली अफवा डोळ्यांदेखतची साक्ष झाली आणि बेसावध बाप बेफिकीर झाला. त्या दिवसापासून मी या शब्दांकडे वेगळ्या कानाने ऐकते आहे.

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत राज्यसेवेच्या मराठी व्याकरणाचं पुस्तक उघडा. केवलप्रयोगी अव्ययांच्या धड्यात शेवटी शेवटी दोन छोटे गट सापडतात. एक ‘व्यर्थ उद्गारवाची’: म्हणे, आपला, बापडा, बेटे. दुसरा ‘पादपूरणार्थक’, म्हणजे पालुपदं: बरं का, कळलं, आत्ता. मुलं हे पाठ करतात, गुण मिळवतात आणि पुढे जातात. पण यातलं ‘व्यर्थ’ हे विशेषण मला मान्य नाही. हे शब्द काढल्यावर वाक्य व्याकरणात बसतं, एवढाच त्याचा अर्थ. तेच वाक्य राहतं असा त्याचा अर्थ होत नाही.

‘म्हणे’ आधी घेऊ. कुठल्याही बातमीत खरं तर दोन गोष्टी असतात: काय झालं, आणि ते तुला कसं कळलं. जगातल्या काही भाषांना ही दुसरी गोष्ट इतकी महत्त्वाची वाटते की तिच्यासाठी त्यांनी क्रियापदातच सोय केली आहे. तुर्की माणूस ‘तो आला’ हे स्वतः पाहिलं असेल तर ‘गेल्दी’ म्हणतो आणि नुसतं कानावर आलं असेल तर ‘गेल्मिश’. आपले शेजारीही यात मागे नाहीत. कन्नडमध्ये वाक्याच्या शेवटी ‘अंते’ लागतो, तेलुगूत ‘अट’, तमिळमध्ये ‘आम’. ऐकीव माहितीवर मारलेला हा शिक्का असतो. भाषाशास्त्रात त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेलेत. आपला ‘म्हणे’ हाच शिक्का मारतो. “परीक्षा पुढे गेली म्हणे,” असं चहाच्या टपरीवर एक मुलगा म्हणतो आणि दुसरा लगेच विचारतो, “कोण म्हणतंय?” नुसतं “परीक्षा पुढे गेली” म्हटलं असतं, तर त्याने कपाळाला हात लावला असता.

‘आपला’ आणखी नाजूक आहे. “मी गप्प बसले” यात राग असू शकतो, धाक असू शकतो, कोणी गप्प केलेलंही असू शकतं. “मी आपली गप्प बसले” यात ते काहीच नाही. कोणाच्या अध्यातमध्यात न जाता, आपल्यापुरतं, साधेपणाने, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे, आणि त्याला दुसरा पर्यायी शब्द मला अजून सापडलेला नाही. ‘बापडा’ त्या माणसाबद्दलची कणव सांगतो. “मेलं नावच आठवत नाही” मधलं ‘मेलं’ नावाबद्दल काहीच सांगत नाही, बोलणारीच्या वैतागाबद्दल सांगतं. वाक्यातले बाकीचे शब्द जगाबद्दल बोलतात. हे शब्द बोलणाऱ्याबद्दल आणि ऐकणाऱ्याबद्दल बोलतात.

हे तपासून बघायचं तर ‘बस’ हा एकच शब्द घ्या आणि मोठ्याने म्हणा. बस ना. बस की. बस रे. बस बघू. बस बरं. बस तर खरं. आज्ञा एकच. पण ‘ना’मध्ये आर्जव आहे, ‘की’मध्ये ‘तुला कोणी अडवलंय?’ आहे, ‘बघू’ फक्त लहानांनाच चालतो, आणि ‘तर खरं’ म्हणणाऱ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी मोठं आहे. कोल्हापूरकडचा माणूस ‘की’ जास्त सढळपणे वापरतो, विदर्भातला ‘जी’ लावून बोलतो. पुण्यातल्या एका वसतिगृहाच्या खोलीत हे सगळे एकत्र राहतात, आणि चार महिन्यांत एकमेकांचे हेच शब्द आधी उचलतात.

आता ‘अं’कडे येऊ. वक्तृत्वाच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी घालवायला सांगतात तो ‘अं’.

संभाषण ही फार घाईची गोष्ट आहे. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात किती वेळ जातो, हे २००९ मध्ये जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या दहा भाषांमध्ये मोजलं गेलं. सरासरी आली सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास, म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. उलट, समोर दाखवलेल्या चित्राचं नाव आठवून तोंडातून काढायला माणसाला सेकंदाच्या निम्म्याहून जास्त वेळ लागतो. वाक्य जुळवायला तर त्याहूनही जास्त. हा हिशेब जमतो कसा? समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर जुळवायला घेतो म्हणून. पण प्रत्येक वेळी ते तयार असतंच असं नाही. उत्तर तयार नाही आणि पाळी तर आली. अशा वेळी गप्प राहिलं तर समोरच्याला वाटतं, याला बोलायचं नाही, किंवा याला पटलेलं नाही. म्हणून आपण ‘अं’ म्हणून जागा धरतो. एस.टी.च्या सीटवर रुमाल टाकावा तशी.

हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या दोन अभ्यासकांनी २००२ मध्ये इंग्रजीतल्या अशा दोन उच्चारांचा अभ्यास मांडला. एकानंतर बोलणं छोटं थांबतं, दुसऱ्यानंतर मोठं, आणि बोलणारे योग्य तो उच्चार निवडतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे किती थांबावं लागेल हे आपण ऐकणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो. शब्दांकन करून करून तयार झालेल्या माझ्या कानाला मराठीतही तसंच ऐकू येतं. ‘अं’ म्हणजे शब्द जिभेवर आहे. ‘हे आपलं’ म्हणजे शब्द जिभेवर आहे पण दुसराच सारखा पुढे येतोय. ‘म्हणजे कसं आहे ना’ म्हणजे जरा टेका, पाल्हाळ आहे.

यातले काही तर पुढे काय येणार तेही सांगतात. ‘तसं बघायला गेलं तर’ आलं की समोरच्याला आपलं पटलेलं नाही. ‘खरं सांगू का’ नंतर गोड काही येत नाही. ‘बाकी काय?’ म्हणजे विषय संपला, आणि ‘चला, बरं मग’ म्हणजे आपण दोघांनी मिळून निरोपाकडे वळायचं आहे. दार धाडकन न आपटता हळू लोटून घ्यावं, तसं हे असतं.

दोन वर्षांच्या मुलांनाही हे कळतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांना दोन वस्तूंची चित्रं दाखवली: एक ओळखीची, एक कधीच न पाहिलेली. बोलणारी व्यक्ती नाव घेण्याआधी ‘अं’ करून अडखळली की मुलांची नजर अनोळखी वस्तूकडे जाई. मोठी माणसं अवघड शब्दाआधी अडखळतात, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. म्हणजे ‘अं’ वगळून बोललेली गुळगुळीत भाषा मुलांना ऐकवली, तर त्यांची एक खूण आपण पुसून टाकतो.

ऐकणाऱ्याचे शब्द तर आपण मोजतच नाही. हं. हां. हो का. अरे बापरे. काय सांगतेस! लहानपणी आजी गोष्ट सांगायला बसली की आधी बजावायची, “हूं म्हणत राहा, नाहीतर गोष्ट थांबेल.” झोप लागली का हे तपासायची ती युक्ती असेल असं मी मोठी झाल्यावर मानत होते. पण जॅनेट बॅवेलस आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग वाचला आणि आजी शब्दशः खरं बोलत होती हे लक्षात आलं. या प्रयोगात एक जण आपण कसे थोडक्यात बचावलो त्याची गोष्ट सांगायचा. काही ऐकणाऱ्यांना एक छुपं काम दिलेलं होतं: ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द मोजायचे. मोजण्याच्या नादात या ऐकणाऱ्यांचे ‘बापरे’ आणि दचकणं कमी झालं. आणि मग सांगणाऱ्याचीच गोष्ट बिघडली, तीही नेमकी शेवटाला. शेवट लांबला, पुन्हा पुन्हा सांगितला गेला, तुटक झाला. म्हणजे गोष्ट दोघं मिळून सांगत असतात. मला मुलाखतीत हे फार जाणवतं. ज्या ठिकाणी मुलाखत घेणारा वहीत बघून पुढचा प्रश्न शोधत असतो, तिथे सांगणाऱ्याचा धागा सुटलेला असतो. ध्वनिमुद्रणात ते आधी ‘हं’च्या गैरहजेरीतून कळतं.

प्रश्नार्थक ‘आं?’ची गंमत तर जगभर एकच आहे. समोरच्याचं नीट ऐकू आलं नाही की काढायचा हा छोटा आवाज. जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या दहा भाषांमध्ये तो जवळपास सारखाच निघाला, आणि २०१३ च्या त्या संशोधनाला दोन वर्षांनी इग नोबेल, म्हणजे गमतीदार वाटणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. आपला ‘आं?’ त्या रांगेत सहज उभा राहील.

नुसत्या निरर्थक अक्षरांचा विचार करायचा तर मराठीत सगळ्यात मोठा मान ‘बि’चा. चहाबिहा. पुस्तकबिस्तक. भांडणबिंडण. ऑफिसबिफिस. ‘बिहा’ला कोशात जागा नाही, तरी ‘चहाबिहा’ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नियम काटेकोर आहे: पहिलं व्यंजन आणि त्याचा स्वर काढायचा, तिथे ‘बि’ बसवायचा, बाकीचा शब्द जसाच्या तसा. काल आलेल्या ‘मोबाईल’लाही तीन वर्षांचं पोर ‘मोबाईल-बिबाईल’ करतं, न शिकवता. आता मोठ्याने ‘बिस्कीट’ला हा नियम लावून बघा. ‘बिस्कीट-बिस्कीट’ होतं, म्हणजे काहीच होत नाही. मग जीभ आपोआप दुसरं अक्षर शोधायला लागते, कोणी ‘फिस्कीट’ म्हणतं, कोणी तो शब्दच टाळतं. नियम मोडायची वेळ कधी येते हेही आपल्याला आतूनच ठाऊक असतं.

हिंदीत ‘पानी-वानी’ होतं: व्यंजन बदलतं, स्वर मूळचाच राहतो. कन्नडमध्ये ऊट म्हणजे जेवण, त्याचं ‘ऊट-गीट’ होतं, पुस्तकाचं ‘पुस्तक-गिस्तक’. तिथे व्यंजन आणि स्वर दोन्ही ठरलेले. आपला ‘बि’ या दक्षिणेकडच्या रीतीने चालतो. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये भारत हे एकच भाषिक क्षेत्र आहे, असं मांडलं. कुळं वेगळी असूनही इथल्या भाषा शेजारधर्माने एकमेकींसारख्या झाल्या, हा त्यांचा मुद्दा. अशा जोडशब्दांचाही त्यांनी अभ्यास केला होता.

आणि हा ‘बि’ काम काय करतो? पाहुण्याला “चहा घेणार का?” विचारलं तर त्याच्यापुढे हो किंवा नाही एवढंच उरतं. “चहाबिहा घेणार का?” म्हटलं की कॉफी, सरबत, नुसतं पाणी, सगळ्याला वाट मोकळी होते आणि कोणालाच संकोच वाटत नाही. तोच ‘बि’ “मला लग्नबिग्न करायचं नाही” यात सगळा विषयच हाताने झटकून टाकतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हा ‘बि’ कोणी लावत नाही. ‘आजोबा-बिजोबा’ म्हणून बघा, लगेच चूक लक्षात येते. अक्षर निरर्थक असेल, पण त्याचे शिष्टाचार सगळ्यांना पाठ आहेत.

भरीच्या शब्दांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. यास्काचार्यांच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन ग्रंथात, निपातांचे, म्हणजे रूप न बदलणाऱ्या छोट्या शब्दांचे, गट केले आहेत, त्यातला एक पदपूरणांचा: कम्, ईम्, इत्, उ. गद्यात वाक्य भरायला आणि छंदात पाद भरायला येणारे, अनर्थक, असं यास्क म्हणतात. आपल्या व्याकरणातला ‘पादपूरणार्थक’ हा शब्द याच घराण्यातला. पण पुढे १२९० च्या ज्ञानेश्वरीकडे या. तिची सुरुवातच “ॐ नमो जी आद्या” अशी आहे. त्यातला ‘जी’ काढून वाचून बघा. लय तर ढळतेच, पण वंदन करणाऱ्याची लीनताही थोडी जाते. समोर कोणीतरी बसलं आहे आणि हा त्याच्याशी बोलतो आहे, हे तो ‘जी’ सांगतो.

मग व्यासपीठावर हे शब्द का खटकतात? कारण तिथे माईक आपल्याच हातात असतो, पाळी हिसकावून घेणारं कोणी नसतं, जागा धरायची गरज उरत नाही. १८७५ पासून पुण्यात चालू असलेल्या वसंत व्याख्यानमालेत तासभर बोलणाऱ्याकडून लोक वेगळ्या बोलण्याची अपेक्षा करतात, आणि ती रास्त आहे. पण तिथेही अडखळणं म्हणजे अज्ञान नव्हे. स्टॅन्ली शॅक्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकून ‘अं’ मोजले. विज्ञानाच्या प्राध्यापकांपेक्षा साहित्य-कलेच्या प्राध्यापकांचे जास्त निघाले. त्याच लोकांना साध्या विषयावर बोलायला लावलं तर हा फरक नाहीसा झाला. ज्या विषयात एकच गोष्ट दहा वेगवेगळ्या शब्दांनी सांगता येते, तिथे निवडायला वेळ लागतो.

या सगळ्याकडे मी इतकी का ओढले गेले, त्याला घरचंही कारण आहे. मामाचं रविवार पेठेत भांड्यांचं दुकान होतं आणि ‘बरं का’शिवाय त्याचं वाक्य संपायचं नाही. “हे पातेलं बरं का, दहा वर्षं बघायला नको.” दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघात झाला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी तोंडातून पहिला स्वच्छ शब्द आला तो ‘बरं का’. आम्हाला वाटलं, आता बाकीचे येतील. आले फार थोडे.

१८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी असाच एक रुग्ण तपासला होता, त्याला ‘तान’ एवढंच म्हणता यायचं, पण ते तो वेगवेगळ्या सुरांत म्हणायचा. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या भागात इजा सापडली आणि वाचेचा मेंदूतला पत्ता पहिल्यांदा लागला. पुढे जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरांनी दाखवलं की विचार करून जुळवायचं बोलणं अशा आजारात जातं, तरी सवयीचं बोलणं पुष्कळदा टिकतं: ओळीने म्हटलेले अंक, प्रार्थना, नमस्कार-चमत्कार, पालुपदं. मामाच्या वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी मामीला एवढंच सांगितलं, “त्यांची वाक्यं पुरी करायची घाई करू नका, सूर ऐका.” मामीने ते मनावर घेतलं. आता त्या एका ‘बरं का’चे सात-आठ अर्थ तिला कळतात.

परवा मी गेले तेव्हा तिने दोघांना चहा आणून ठेवला. मामाने एक घोट घेतला, डाव्या हाताने कप खाली ठेवला आणि ‘बरं काऽ’ म्हणाला, शेवटचं अक्षर जरा लांबवून. मी मामीकडे बघितलं. डबा आणायला आत जाता जाता ती म्हणाली, “साखर कमी झालीय म्हणे.”